ट्यूलिपवरची माशी

माख्टेल्ड: आधी ते लाकडी जोडे बाहेर, एव्हर्टमास्तर. सकाळपासून दोनदा फरशी घासलीय मी.

एव्हर्ट: काढले, बाई. पण चित्राला काय झालं? निरोप आला तसा ब्रश टाकून पळत आलो.

माख्टेल्ड: त्याच्यावर माशी बसली होती.

एव्हर्ट: मीच बसवली होती. रंगाने.

माख्टेल्ड: ते नंतर कळलं. आधी फडक्याने हाकलली. हलेना मेली. मग साबण घेतला.

एव्हर्ट: साबण! अहो, तेलरंग पुरता वाळायला वर्ष जातं. पाण्याचा थेंब लावू नका म्हणून बजावलं होतं ना?

माख्टेल्ड: माझ्या घरात माशी, मास्तर! उद्या नणंद येतेय लायडनहून. अख्ख्या हार्लेमभर सांगत सुटेल.

एव्हर्ट: (चित्रावरचा पडदा सरकवून) अरे देवा! माशीबरोबर पाकळीवरची लाल रेघपण गेली. जवसाच्या तेलातला इतका पातळ हात होता तो.

माख्टेल्ड: म्हणून तर बोलावलं. गुलाब असता तर गेला उडत. हा ट्यूलिप ह्यांचा आहे. ह्यांच्यामागे महिन्याभरात कंदही कुजला. आता उरलाय तो एवढाच. रेघ परत काढा ना.

एव्हर्ट: काय बघून? एप्रिलात तुमच्या वाफ्यापाशी गुडघे टेकून काढली होती. तशी रेघ दुसऱ्या फुलावर मिळायची नाही. अंदाजाने काढू?

माख्टेल्ड: नको. ह्यांनी लगेच ओळखलं असतं.

एव्हर्ट: मग एकच उपाय. डाग बरोबर माशीएवढा आहे.

माख्टेल्ड: पुन्हा माशी?

एव्हर्ट: भल्याभल्यांच्या दिवाणखान्यातल्या चित्रांत असते, बाई. फुलं सुकतात, माणूस जातो, याची आठवण म्हणून...

माख्टेल्ड: ते मला माशीने शिकवायला नको. तेवीस वर्षं संसार केलेल्या नवऱ्याला माती देऊन आलेय.

एव्हर्ट: चुकलो. पण तुमच्या नणंदबाई भावाचं फूल बघतील की माशी?

माख्टेल्ड: माशी. तुम्ही नेल्ट्येला ओळखत नाही.

एव्हर्ट: मग राहू दे तसंच?

माख्टेल्ड: ह्यांच्या फुलाला भोक? छे! बसवा. बसवा माशी.

एव्हर्ट: नक्की?

माख्टेल्ड: हो. पण पाय चोळताना काढा. आत यायच्या आधी पुसले, एवढं तरी दिसू दे.