सुनंदाबाईंचा जुना फॉन्ट

नवीन जालन्यात बियाण्याच्या ऑफिसात मी कॉम्प्युटर बघायचो. एकदा सगळ्या मशीनवरचं लिनक्स अपडेट करून राह्यलो होतो, तर पिशव्यांची मराठी लेबलं छापणाऱ्या सुनंदाबाई म्हणाल्या, "बाकी काही बी बदला, माझा फॉन्ट जुनाच ठेवा."

"असं एकच सोडता येत न्हाई, बाई."

त्यांनी ड्रॉवरातून मॅन्युअल काढलं. "फॉन्टचं एकच पॅकेज अपडेटपासून थांबवता येतं की! वाचलं न्हाई का?"

नव्हतं वाचलं. तिथंच वाचून त्यांच्या मशीनवर थांबवलं.

दुसऱ्या दिवशी नव्या फॉन्टनं बाकी सगळ्यांची जोडाक्षरं फोडली. पेरणीचे दिवस, बिलांपायी ट्रक दारात अडलेले. जुना फॉन्ट कॉपी करून न्यायला सगळं ऑफिस फ्लॉप्या घेऊन बाईंच्या टेबलापाशी. मंग मीही गेलो.

"जल्दी न्हाई, बराबर लाईनीत या," बाई हसल्या, "अन् साहेब, तुम्ही सगळ्यात मागं!"