डावीकडे वळताना पडणारा काटा

— उतरू नका मास्तर, बसा तिथंच, मला फक्त डॅशबोर्डखाली डोकं घालायचंय. ताई तुमची औषधं घेऊन येतील तोवर होईल बघून. बॅटरी धरता? हां, उजेड पेडलच्या वर, असा. तुमचा हात तर माझ्यापेक्षा स्थिर आहे — माझा आता स्क्रू धरला की थरथरतो, पण गिऱ्हाइकाला कोण सांगतंय. तर काल ताईंनी किती महिन्यांनी गाडी बाहेर काढली, पोस्टाच्या कोपऱ्यावर डावीकडे वळल्या आणि दोन्ही काटे, पेट्रोलचा आणि टेंपरेचरचा, सपशेल झोपले. वळण संपलं, परत उभे. लगेच मला फोन. काका, म्हणाल्या, बाबा सांगत होते ते खरंच होतं हो. आवाज कसा झाला होता त्यांचा. गाडी घेऊन या म्हटलं.

दोन काटे एकदम पडतात म्हणजे काटे बिघडलेले नसतात, हे मला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. दोघांना मिळून एक अर्थिंगची वायर असते, ती कुठंतरी सुटते आणि परत जुळते. वळतानाच का? तर वायरींचा जुडगा स्टिअरिंगच्या दांड्याला घासत असणार. सोपं आहे ना? सोपंच होतं. तुम्ही पहिल्यांदा गाडी घेऊन आलात तेव्हाही सांगितलं होतंत, डावीकडे वळलं की पडतात. आणि मी गाडी फिरवून पाहिली कुठं, तर या समोरच्या गल्लीत — सरळसोट गल्ली, टोकापर्यंत नेली आणि तशीच मागे घेतली.

जरा इकडच्या सीटवर सरकता? स्टिअरिंग फिरवायला माणूस पाहिजे. तुम्हीच हो, दुसरं कोण आहे इथं. काही नाही म्हणणार त्या, मी सांगतो त्यांना. गाडी हातात घेऊन किती झालं, वर्ष? — दोन. बरं. किल्ली अर्धी फिरवा. चढले काटे? आता डावीकडे, सावकाश, अजून — थांबा. पडले ना? मला इथून जुडगा ओढलेला दिसला. म्हणजे आपल्या दोघांनाही दिसलं, मास्तर.

आणि हा जोड बघा. कोण हा महाभाग — रेडिओ बसवताना वायर मधेच तोडलीय, नुसती पिळून वर काळी पट्टी गुंडाळलीय, कथील वितळवून डाग द्यायचा पत्ता नाही. असल्या माणसाच्या हातात पकड देऊ नये. वर पट्टीचं टोक दुमडून — हं. टोक मी दुमडतो. पुढं कधी सोडवायची झाली तर नख लागावं म्हणून. माझ्याशिवाय इथं कुणी दुमडत नाही. रेडिओ मीच बसवला होता ना, ताईंच्या लग्नाच्या वर्षी?

आश्चर्य वाटल्याचं सोंग कशाला करू. मला आज कळलं असं नाही. तुम्ही दुसऱ्यांदा आलात, बाहेर बाकावर बसला होतात, मी गाडी वळवून आत घेत होतो आणि काटा पडला. पाहिला मी — या डोळ्यांनी. पण आदल्याच दिवशी ताईंना फोनवर सांगून बसलो होतो, गाडीत काही नाही, बाबांचे डोळे दाखवून घ्या. आता शब्द फिरवायचा कसा? मीटर काढायचा म्हणजे अर्धा दिवस, आणि काढून सापडणार काय, तर बहुधा माझंच काम. गप्प बसलो. म्हटलं, काट्यावाचून गाडी थोडीच अडते. मग तुमचे डोळे चांगले निघाले, आणि घरच्यांनी दोष डोक्याचा धरला. किल्ली काढून घेतली. तिसऱ्यांदा तुम्ही चालत आलात, आठवतंय? मला विचारलंत, खरं सांग, मला भास होतात का. आणि मी — वय झालं की होतं असं, मास्तर. असं म्हणालो. तुमच्या तोंडावर. नंतर तुम्ही या रस्त्यानं यायचंच सोडलंत, आणि मला सुटल्यासारखं झालं, याची मला जास्त लाज वाटते.

बॅटरी खाली का केलीत? — बरोबर आहे. तुमच्या जागी मीही तेच केलं असतं. पण थोडी वर धरा, डाग द्यायचाय, उजेड नसेल तर परत तसलंच काम होईल.

झालं. जुडगाही वर बांधला, आता घासणार नाही. फिरवा डावीकडे. पूर्ण. उजवीकडे. परत डावीकडे. हलत नाहीत ना? अजून एकदा बघायचंय? बघा, कितीही वेळा फिरवा, मी इथंच पडून आहे.

त्या आल्या ताई. नाही, तुम्ही हलू नका. — ताई, पलीकडच्या दारानं बसा. हो, पलीकडच्या. बाबांना कसलेही भास होत नव्हते. दोष गाडीत होता, मला माहीत होता, आणि मी तुमच्याशी खोटं बोललो. मला काय बोलायचं ते उद्या येऊन बोला, मी ऐकून घेईन. आत्ता बसा. आणि किल्ली मागू नका त्यांच्याकडे. — मास्तर, गल्लीच्या टोकाला डावीकडे वळा. निघा आता, माझ्याकडे बघत बसू नका.