तोंडी हुकूम

रायसा : आणि किल्ली कुठं आहे?

नझार : खिशात.

रायसा : किल्ली खिशात ठेवून पोकलेन चालतं का, नझार कुझ्मिच? साडेअकरा वाजले. दीडच्या आत हमरस्त्याच्या दोन्ही बाजू कापून हव्यात. साईडपट्टीसकट, दोन मीटर खोल.

नझार : ऐकलं. तीनदा सांगितलंत.

रायसा : आता चौथ्यांदा सांगते.

नझार : कागद दाखवा, पाचव्यांदा सांगावं लागणार नाही.

रायसा : कसला कागद? जिल्ह्यातून फोन आला. कंपनीवाले, ते भाडोत्री सैनिक, बंदुका घेऊन राजधानीकडे निघालेत, रस्ता तोडा म्हणाले. अशा वेळी कुणी शिक्के मारत बसतं का?

नझार : या खात्यात एकतीस वर्षं काढली मी. कडेचं गवत कापायला दोन सह्या लागतात. मोरीत कुत्रा अडकला होता, तो काढायला मी वरून परवानगी आणली होती. परवानगी येईपर्यंत तो आपला आपण बाहेर आला. आणि आज अख्खा हमरस्ता फोडायचा तर नुसता फोन?

रायसा : कुत्र्याचं राहू द्या.

नझार : बरं, राहू दिलं. सकाळी आवारातून निघताना जी लॉगशीट दिलीत तिच्यात काय आहे, वाचू? ‘गटारातील गाळ काढणे. चालक न. कु. सावुश्किन.’ खाली मेकॅनिकची सही. म्हणजे कागदावर मी गाळ काढायला निघालो, आणि वाटेत लहर आली म्हणून सरकारचा रस्ता कापून ठेवला.

रायसा : लॉगशीट आठला केली. फोन दहाला आला.

नझार : मग नवी करा. ‘रायसा पाव्लोव्ना, विभागप्रमुख, यांच्या हुकमावरून.’ एवढं लिहा, मी लगेच वर चढतो.

रायसा : आणि संध्याकाळी कंपनीवालेच जिंकले तर? माझ्या अक्षरात माझीच फाशी लिहून ठेवू?

नझार : माझ्या नावावर लिहिलेली चालते.

रायसा : तुमचं कोण काय करणार? तुम्ही चालक.

नझार : म्हणूनच. पहिल्यांदा चालकालाच धरतात. फोनवर कोण होतं, बाई?

रायसा : जिल्हा कार्यालय.

नझार : कार्यालय बोलत नाही, माणूस बोलतो. नाव?

रायसा : ड्युटीवरचा अधिकारी म्हणाला.

नझार : आवाज ओळखीचा होता?

रायसा : तुम्ही माझी चौकशी करताय की काय?

नझार : नंबर कुठला होता?

रायसा : नंबर दिसला नाही.

नझार : म्हणजे कुणीही असेल.

रायसा : कुणीही म्हणजे?

नझार : आपलं सरकार असेल. नाहीतर कंपनीचाच कुणी असेल, पाठलाग करणाऱ्यांना मागे अडवायला. ते पुढे जाणार, रस्ता तुटणार, आणि अडकणार सरकारी फौज. मग तुम्ही म्हणणार, मला वाटलं जिल्हा कार्यालय.

रायसा : हे तुम्हाला आत्ता सुचलं?

नझार : तुम्हाला दहा वाजताच सुचलंय. म्हणून तर सही करत नाही तुम्ही.

रायसा : बरं. आता मी विचारते. ग्लेबचा शेवटचा फोन कधी आला?

नझार : त्याचा इथं काय संबंध?

रायसा : पोरगा तुमचा आहे. कंपनीत आहे. संबंध नाही म्हणता?

नझार : ईस्टरला आला होता.

रायसा : मे महिन्यात नाही? तुमच्या घरच्यांनी पावाच्या दुकानात सांगितलं, मेमध्ये आला होता म्हणून.

नझार : बायको दुकानात तसंच सांगते. लोक विचारतात, म्हणून सांगते. फोन ईस्टरलाच आला होता. मिनिटभर बोलला. आईला म्हणाला, मोजे पाठवू नकोस, पोचत नाहीत.

रायसा : काल टीव्हीवर वीर होते सगळे. आज सकाळी बसथांब्यावरचं ते ‘कंपनीत या’चं पोस्टर आपल्याच माणसांनी सोलून काढलं. निम्मं निघालं, निम्मं राहिलं. नुसते बूट दिसतात.

नझार : तो पोस्टर बघून गेला नव्हता. दारू पिऊन ट्रक ठोकला, पाच वर्षं लागली. तुरुंगात कंपनीचा माणूस आला, म्हणाला, सहा महिने लढा, शिक्षा माफ. ऑगस्टमध्ये सुटला असता. त्याला सरकारशी भांडायचं नव्हतं, घरी यायचं होतं.

रायसा : म्हणून किल्ली खिशात आहे. रस्ता कापला की ताफा इथंच थांबणार, आणि थांबला की वरून हेलिकॉप्टर. तुम्हाला कागद नकोच आहे, नझार कुझ्मिच. तुम्हाला वेळ काढायचाय.

नझार : कागद हवाय. आणि तुम्ही म्हणता तेही खरं आहे. एका माणसाच्या मनात दोन गोष्टी असू शकतात.

रायसा : मला वर हे कळवावं लागेल.

नझार : कळवा. कुठल्या नंबरवर कळवणार?

(नंबरपाटी नसलेली एक हिरवी गाडी साईडपट्टीवर येऊन थांबते. चाळिशीचा एक माणूस उतरतो. गळ्यात बंदूक.)

बंदूकवाला : काम जोरात आहे, आजोबा.

नझार : गटारातला गाळ काढतोय.

बंदूकवाला : गटार तिकडे आहे. पोकलेन रस्त्याच्या मधोमध.

रायसा : वळवून घेतोय.

बंदूकवाला : मागच्या गावात वाळूचे दोन टिप्पर आडवे लावले होते. चालक म्हणाला, बिघडलेत. दोन्ही एकाच वेळी, अगदी समोरासमोर. तुमचंही बिघडलंय का?

नझार : नाही. चांगलं चालतं.

बंदूकवाला : हे खरं बोललात. पाणी आहे?

नझार : क्वास आहे. घरचा, पाव आंबवून केलेला. बाटली थंड आहे अजून.

बंदूकवाला : आधी तुम्ही प्या.

नझार : घ्या, प्यायलो.

बंदूकवाला : बाईंनाही द्या.

रायसा : मला क्वास चालत नाही.

बंदूकवाला : आज चालेल.

रायसा : घ्या. झालं समाधान?

बंदूकवाला : रागावू नका. सकाळपासून जो तो खायला घालतोय, आणि प्रत्येकाच्या खिशातला फोन चालू असतो. माझ्यामागे कोण येतंय ते तुम्ही विचारत नाही, म्हणून सांगतो. मी पुढे बघायला आलोय. दीड-दोन तासांत बाकीचे येतील. रस्ता तुटणार आहे का?

नझार : तुमच्यात एक ग्लेब सावुश्किन आहे.

बंदूकवाला : आमच्यात नावं नसतात, आजोबा. आत आलं की नवं नाव मिळतं. मला सुतार म्हणतात.

नझार : सुतारकाम येतं?

बंदूकवाला : खिळासुद्धा ठोकता येत नाही. तुमच्या पोराचं तिथलं नाव काय?

नझार : त्यानं सांगितलं नाही.

बंदूकवाला : मग मी काय सांगू? आणि कशाला विचारता? गाडीत कोण, किती, कुठल्या तुकडीचे, हे अशाच प्रश्नांतून काढतात. सकाळपासून तीन गावं झाली. तिन्ही गावांत कुणा ना कुणाचा पोरगा आमच्यात आहे.

नझार : असेल. पोरं कुठून तरीच येतात.

बंदूकवाला : पुढे बोला.

नझार : रस्ता तुटणार आहे. दीडपर्यंत. मी तोडणार आहे. तुम्ही हमरस्त्यानं आलात तर इथं थांबाल. तो शेताकडचा पिवळा फलक दिसतो? तिथून डावीकडे जा. जुन्या सामूहिक शेताच्या तळ्याचा बांध आहे. बांधावरून पलीकडे गेलं की अकरा किलोमीटरवर पुन्हा हमरस्ता लागतो.

रायसा : नझार कुझ्मिच.

नझार : सांगून झालं, बाई.

बंदूकवाला : छान. सरकारच्या पगारावरचा माणूस, सरकारच्या पोकलेनशेजारी उभा राहून मला वाट दाखवतोय. बांध मऊ असेल. किंवा पलीकडे कुणी वाट बघत असेल.

नझार : पलीकडे बदकं आहेत.

बंदूकवाला : बाई, तुम्ही सांगा. म्हातारा खोटं बोलतोय का?

रायसा : मला का विचारता?

बंदूकवाला : कारण मघापासून तुम्ही त्याच्याकडे चोरासारखं बघताय.

रायसा : रस्ता कापायला सांगणारी मी आहे. हा कापत नव्हता. दीड तास भांडतोय आम्ही.

बंदूकवाला : म्हणजे तुम्ही आमच्या विरुद्ध.

रायसा : मी रस्ते खात्याची आहे. पण पोरगा खरा आहे. माझ्या हाताखाली पाच वर्षं होता, याच पोकलेनवर, बापाचा मदतनीस म्हणून. डाव्या मनगटावर भाजल्याचा डाग आहे, रुबलच्या नाण्याएवढा. गरम डांबर उडालं. कागदावर मी ‘चहा सांडला’ असं लिहिलं, नाहीतर वरून चौकशी लागली असती.

नझार : हे मला माहीत नव्हतं.

रायसा : त्यालाही आवडलं नव्हतं.

बंदूकवाला : डाव्या मनगटावर.

नझार : पाहिलाय तुम्ही?

बंदूकवाला : मी लोकांची मनगटं बघत नाही, आजोबा. बांधावरून किती टन जातं?

नझार : तीस. बत्तीसपर्यंत. शरद ऋतूत बीटचे भरलेले ट्रक जातात.

बंदूकवाला : आणि रणगाडा घेतलेला ट्रेलर?

नझार : तो नाही जाणार. मध्यावर गेला की बांध बसेल, आणि ट्रेलर तळ्यात. रणगाडे इथंच राहतील. ट्रक जातील, पण एकेक. पहिला उतरल्याशिवाय दुसऱ्यानं चढायचं नाही. आणि पाण्याच्या बाजूला दबून चालवायचं नाही, तिथं भराव माझ्या आधीच्या माणसानं केलाय. तो प्यायचा.

बंदूकवाला : खोटं बोलायचं असतं तर म्हणाला असतात, सगळं जाईल.

नझार : मी भरावाबद्दल खोटं बोलत नाही.

बंदूकवाला : क्वास चांगला होता. बाईंना सांगा, फोन करायचा असेल तर मी वळणापलीकडे गेल्यावर करा.

रायसा : गेला?

नझार : गेला. फलकापाशी थांबलाय. उतरून माती बघतोय.

रायसा : त्यानं ओळखलं का ग्लेबला?

नझार : कुणास ठाऊक. तुम्ही फोन करणार आहात?

रायसा : कुणाला करू? बिननंबराच्या माणसाला? द्या ती लॉगशीट इकडे.

नझार : कशाला?

रायसा : लिहिते. ‘गटारातील गाळ’ खोडलं. ‘हमरस्ता दोन्ही बाजूंनी कापणे, विभागप्रमुखांच्या तोंडी हुकमावरून.’ वेळ पावणेबारा. ही सही. आता खणा, आणि खोल खणा. निदान तेवढं तरी फोनवाल्यानं सांगितल्यासारखं होऊ द्या.

नझार : तुम्ही मघाशी फाशीचं म्हणत होतात.

रायसा : मघाशी तुम्ही त्या माणसाला वाट सांगितली नव्हती, आणि मी तुम्हाला दुजोरा दिला नव्हता. आता दोघांनाही एकाच फांदीवर लटकायचंय, तर नाव कुणाचं का असेना. चढा.

नझार : बाजूला व्हा. खडी उडेल.

(पोकलेन चालू होतं. तासाभरानंतर.)

रायसा : एक वाजून गेला. पुरे झालं, नझार कुझ्मिच, बकेट खाली ठेवा.

नझार : कडेला हातभर राहिलंय.

रायसा : राहू द्या. तो आवाज कसला? हेलिकॉप्टर?

नझार : ट्रॅक्टर. सूर्यफुलाच्या शेतात.

रायसा : आजच्या दिवशी?

नझार : त्याला कुणी फोन केला नसेल.

रायसा : सुखी माणूस.

नझार : बांधावर धूळ दिसतेय.

रायसा : मला सांगू नका.

नझार : ट्रक आहेत. एकेक येतायत. अंतर ठेवलंय, सांगितलं तेवढं.

रायसा : मी ऐकत नाही.

नझार : तुम्ही गावाकडे तोंड करून का उभ्या आहात?

रायसा : उद्या-परवा कुणीतरी येईल आणि विचारेल, काय दिसलं. मला खोटं नीट जमत नाही. पाठ फिरवून उभं राहिलं की खरं तेच सांगता येतं.

नझार : सातवा उतरला.

रायसा : वर ताडपत्री आहे?

नझार : काहींवर आहे. काही उघडे आहेत. माणसं बसलीयेत.

रायसा : तोंडं दिसतात?

नझार : इतक्या लांबून माझ्या डोळ्यांना नाही दिसत.

रायसा : तुम्हाला नाही दिसणार. पण पिवळं पोकलेन त्यांना तिथून दिसत असेल. केबिनच्या टपावर चढून उभे राहा, नझार कुझ्मिच. टोपी काढा, म्हणजे ओळखू याल.