परेशच्या लग्नाचा कौल

आमच्या परेशचं लग्न कसं ठरलं, ते तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. शिंदखेड्याहून पाहुणे त्याला बघायला आले, तरी माझा हा नातू लॅपटॉप सोडेना.

"काम काय करता?" मुलीच्या बापानं विचारलं.

"क्लाउडवर नेटवर्क उभारतो. सगळी मशीनं एकमेकांशी बोलली तर टेस्ट हिरवी, नाही तर लाल."

"मग देवाला लावतो तसा कौलच लावू. हिरवी आली तर पोरगी दिली."

परेशनं टेस्ट चालवली, तर लाल आली. पोह्यांच्या बशा माझ्या हातातच राहिल्या.

परेश म्हणाला, "थांबा, पुन्हा चालवतो."

"पण बदललं काय?" पाहुण्यानं विचारलं.

"काही नाही. कधी कधी उगाच लाल येते. आम्ही हिरवी येईपर्यंत चालवतो."

पाहुणा माझ्याकडं वळून आपल्या अहिराणीत म्हणाला, "अक्का, आमना गावना भगतबी कौल लावताना असंच करस. फोडा सुपारी."