काट्याची वायर, ओलीची वायर

(ब्रह्मपुरीजवळचं धान खरेदी केंद्र. दिवाळीनंतरचा आठवडा. केसरबाईचं धानाचं पोतं काट्यावर, रंजीता कम्प्युटरवर.)

केसरबाई : चाळीस टक्के ओल? मंग पोत्यात धान नाई पोरी, भाजी आहे.

रंजीता : सतराच्या वर गेलं की कम्प्युटर नापास करते, केसरबाई. वाळवून आणा.

केसरबाई : आपल्या गावाची पाळी आज संपते. वाळवू कवा? भाजून आणू का? मंग मुरमुरेच घे.

रंजीता : सुनिलभाऊ, प्रिंटर सुधारायले आलेच आहा, तं हेही पाहून घ्या.

सुनिल : पोतं काट्यावरच आहे ना? वजन काय दाखवून राह्यलं?

रंजीता : वजन आम्ही मागून पाह्यतो. ओल पास झाली तरच.

सुनिल : आता पाहा.

रंजीता : पंधरा किलो.

केसरबाई : चाळीसचं पोतं पंधरावर आलं. मी अंगठा मारते बाप्पा, पण एवढं मलेही समजते.

सुनिल : वायरी कोणी काढल्या होत्या?

रंजीता : मीच. लक्ष्मीपूजनाले काटा अन् ओलीची मशीन पुसून पूजा केली. काट्याच्या पिनेले ओलं कुंकू लागलं होतं, म्हणून ओलीची वायर आधी लावली. पण कम्प्युटरचे भोकं तेच होते.

सुनिल : कम्प्युटर भोक नाई पाहत. प्रत्येक मशिनीची एक फाइल बनवते. आधी आली तिले शून्य नंबर, मागून आली तिले एक. तुमचा प्रोग्राम शून्यातून वजन वाचते, एकातून ओल.

केसरबाई : काळीपिवळी जीपसारखं. आधी चढला तो डायवरपाशी.

सुनिल : तसंच. पण मशिनीच्या आत कंपनीनं टाकलेला तिचा आपला नंबर असते. त्याच्यावरून एकीले 'काटा' नाव बांधून देतो, दुसरीले 'ओल'. प्रोग्राम आता नावावरूनच वाचते, मंग कोणीही आधी लागो. पाहा आता.

रंजीता : ओल पंधरा. वजन चाळीस. पास, केसरबाई.

केसरबाई : माझं झालं. पूजेपासून वापस किती पाठवले?

रंजीता : दिवाळीनंतर केंद्र काल उघडलं, अन् काल आपल्या गावचा एकच जण आला. लालसूभाऊ. काल बैलगाडी घेऊन आले होते.

केसरबाई : काय म्हणाला?

रंजीता : पोते चढवले अन् गेले.

सुनिल : फोन लावा त्यायले.

रंजीता : लावून राह्यली. त्यायच्या टोल्यावर, गावाबाहेरच्या वस्तीवर, रेंज नाई.

केसरबाई : माझं ट्रॅक्टर रिकामं होते आता. चाल त्याच्यात, लालसूचे पोते आजच आणू.

रंजीता : मी काय सांगू त्यायले? मशीन म्हणाली तेच मी...

केसरबाई : मशीन नाई येत ट्रॅक्टरवर बसून. तू चाल.