वर्ग कुठं भरवायचा

मोनिका : नाही बाबा, तुम्ही सांगून नाही चालत. ज्याला शिकायचंय तो स्वतः समोर लागतो.

सहादेव : समोर कुठून आनू, मोनिकाबाई? पाथर्डीपासून जीपनं आलात, वाटंत तरनं मानूस दिसलं का एक तरी? दिवाळी झाली की समदी ऊस तोडाया. गावात ऱ्हायलो आमी म्हातारी आन शेरडं.

मोनिका : तेच तर. पुढल्या वर्षी कुठल्या गावाला कुठला सरकारी प्रशिक्षण वर्ग द्यायचा, त्याचा आराखडा करायला पाठवलंय मला. वीस शिकणारे मिळाले नाहीत, की 'मागणी नाही' असं कळवावं लागतं.

सहादेव : मागनी न्हाई? आवो, माझ्या गहिनीनाथनं घरातला पंखा किती बारी सोडून जोडलाय! विजंचं काम शिकिवलं तर गावातच दुकान टाकील. कशाला ऊस तोडाया जाईल?

मोनिका : एकटाच मुलगा?

सहादेव : एकलाच. आन गावातला मुरदंग बी त्योच. एकादशीला बुवा येत्यात, अभंगाचं चरन सोडत्यात, आन ते उचलाया आमी तीन थेरडी. मागल्या टायमाला बुवांनी सोताच टाळ घेतलं हातात.

मोनिका : अगं बाई! माझे आजोबा श्रीरामपूरला चर्चमध्ये कीर्तन करायचे.

सहादेव : येशूचं कीर्तन?

मोनिका : हो, फेटा बांधून. पेटी, टाळ, सगळं. आता तबलजी पुण्याला गेलेत, अन् मागे साथ धरायला मी एकटी. तीही नाताळापुरती.

सहादेव : मंग तुमाला कळतंय की! घाला की वो वर्ग आमच्या समाजमंदिरात. किल्ली माज्याकडंच असती, आत्ता उघडून दावतो.

मोनिका : जागेचं नाही हो. वर्ग डिसेंबर ते मार्च. रोज अंगठा लावून हजेरी.

सहादेव : आन आमची मानसं येत्यात गुडीपाडव्याला! कुनी ठरिवलं हे? इचारायला बी आलात ते नेमकं गाव मोकळं आसताना!

मोनिका : माझ्यावर नका रागावू, मलाही तारीख वरूनच येते. असं करा, त्याला फोन लावा. स्वतःच्या तोंडानं सांगू दे, तेवढं मी धरीन.

(फोन लागतो. सहादेव आवाज मोठा करून तो दोघांच्या मध्ये धरतात.)

सहादेव : गहिन्या, आरं सरकारच्या बाई आल्यात. विजंचं काम शिकनार का?

गहिनीनाथ : शिकनार की, आबा! कुठं?

सहादेव : आपल्या समाजमंदिरात. पुढल्या साली ये तू माघारी.

गहिनीनाथ : आसं कसं येता यील? रुपाली एकली तोडंल व्हय? नवरा-बायकूची जोडी मोडली की मुकादम दुसरी जोडी बघतो. बाई, एक इचारू का?

मोनिका : विचारा ना.

गहिनीनाथ : आमी दर साली हितं कोपरगावकडंच आसतो. आपल्या गावच्या समद्या कोप्या एकाच वावरात. वीस काय, चाळीस पोरं उभी करतो. वर्ग हितंच भरवा की!

मोनिका : तुमच्या झोपड्यांजवळ? ...थांबा हं. मागणी तुमच्या गावची, वर्ग कोपरगावला. असं कुणी मांडलंच नाही आजवर. मी मांडते. पण वरचे हो म्हणतीलच, असा शब्द नाही देत.

गहिनीनाथ : मांडा तरी! शिकून झालं की हिकडंच वायरमन म्हून लागीन कुठं तरी. बारा म्हैने काम. रुपालीच्या हातातला कोयता सुटंल. आबा, ऐकलं का?

सहादेव : ऐकतोय.

गहिनीनाथ : तुमाला बी घेऊन यीन हिकडं.

सहादेव : आन हितं एकादशीला वीना कोन धरील?

गहिनीनाथ : ...मंग नगं म्हनू का?

सहादेव : तसं म्हनलो का मी? जा, रुपाली मोळ्या बांधीत असंल एकली. ठिव.

मोनिका : बाबा, तुम्ही म्हणाल तसं मांडते. पण इथला वर्ग रिकामाच राहील, खोटं कशाला बोलू?

सहादेव : ठावं हाय. कोपरगावच लिव्हा.

मोनिका : नक्की?

सहादेव : व्हय. फकस्त दुपारचा ठिवू नका. रातच्याला टरक भरत्यात पोरं. दुपारीच काय तो डोळा लागतो त्याचा.