जवसाची भुकटी

(संग्रामपूर, १९६४. सकाळी दवाखान्यात. माणिकरावांच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधलेला, शेजारी त्यांची बायको सोजराबाई.)

डॉक्टर : हात सैल सोडा. पुन्हा एकदा बघतो.

माणिकराव : तिसऱ्यांदा पाहून राह्यले तुमी. यंतर बिघडलं असन.

डॉक्टर : यंत्र ठीक आहे. गोळ्या रोज घेता ना?

माणिकराव : हाव.

सोजराबाई : खोटं काऊन बोलता? डाक्टरसाहेब, दीड महिना झाला, गोळी बंद हाय. जवसाची भुकटी घेऊन राह्यले, दोन टाइम.

डॉक्टर : कोणी सांगितलं?

माणिकराव : आमच्या गुलाबरावनं. त्याच्या सासऱ्याले गुन आला. तुमच्या गोळीनं तं बंडी हाकता हाकता डोळा लागे माह्या. आता कसं, एकदम मोकळं वाटते.

डॉक्टर : वाटणारच. हा आजार बरेचदा जाणवत नाही, तेच वाईट. जवस खा, मी नको म्हणत नाही. थोडाफार उपयोग होतही असेल. पण वरचा आकडा दोनशे तीस आहे, माणिकराव! गोळीचं काम जवस करणार नाही.

सोजराबाई : गोळ्याइची बाटली म्याच लपवली, साहेब. मानूस दिवसभर सुस्त पडून राहे. मले पाहवलं नाही. जवस तं घरचंच, म्हटलं, त्यानं काय नुकसान होते?

माणिकराव : तिले काही म्हनू नका. मीच कटाळलो होतो.

डॉक्टर : हातापायाला मुंग्या?

माणिकराव : नाही.

सोजराबाई : काल आंगनात पायातली चप्पल निसटली. तसेच चालत गेले, समजलंच नाही त्याइले.

डॉक्टर : कोणता पाय?

सोजराबाई : उजवा.

डॉक्टर : आजच बुलढाण्याला न्यायला हवं. मी जीप मिळते का बघतो.

माणिकराव : आज नाही जमत. उद्या आमच्या रुख्मिणीले पाहाले पाव्हने येऊन राह्यले. बाप दवाखान्यात हाय म्हटलं तं सोयरिक मोडन. परवा जातो.

डॉक्टर : परवापर्यंत थांबता येणार नाही, ही लकव्याची सुरुवात असू शकते.

माणिकराव : अहो, एका दिवसानं काय होते? पाव्हन्याइले... पाव... व्हन...

सोजराबाई : काय म्हनता?

माणिकराव : पा...

डॉक्टर : बाई, त्यांना धरा, पडू देऊ नका. माणिकराव, इकडे बघा, माझ्याकडे. जरा हसून दाखवा.

सोजराबाई : हासले, साहेब. पर एकाच बाजूनं.